सांभाळणाऱ्यांचा सांभाळ

मूल आजारी पडले म्हणजे घरादाराचे लक्ष त्याच्याकडे लागते. दवाखाना, औषधे, पथ्यपाणी यांची धावपळ सुरू होते आणि ते योग्यही आहे. परंतु त्या मुलाच्या उशाशी बसून रात्री जागविणाऱ्या बाईला ‘तू दोन घास खाल्लेस का?’ असे विचारणारे माणूस घरात असतेच असे नाही. कुटुंबाची जी दृष्टी, तीच बहुधा सार्वजनिक कामाचीही होऊन बसते. बालकाचे वजन केले जाते, उंची मोजली जाते, लसींची नोंद ठेवली जाते. त्याला सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या मनावर केवढा भार आहे, याची नोंद मात्र क्वचितच कोठे होते.

सांभाळणारी व्यक्ती म्हणजे आईच असे नाही. रोजगारासाठी परगावी गेलेल्या मुलाची लेकरे वाढविणारी आजी, धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन फिरणारी दहा-बारा वर्षांची बहीण, पत्नीच्या निधनानंतर एकट्याने संसार रेटणारा बाप, वसतिगृहाच्या अधीक्षिका, अंगणवाडी सेविका व मदतनीस, दिव्यांग मुलाचे सर्व काही हाताने करणारे आईबाप हे सारे या एकाच नात्याचे धनी आहेत. त्यांच्या मनाला विसावा मिळावा, हा प्रश्न केवळ त्यांच्यापुरता असता तरीही तो महत्त्वाचाच ठरला असता. परंतु बालकाच्या वाढीशीही तो थेट निगडित आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात केलेला एक साधा प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. आई व तान्हे मूल समोरासमोर बसतात, हसतात, बोलतात. नंतर काही मिनिटे आईने चेहरा अगदी निर्विकार ठेवावयाचा असतो. मूल प्रथम हसून पाहते, हात पुढे करते, ओरडते. आईकडून प्रतिसाद येत नाही असे दिसताच ते तोंड फिरविते आणि कासावीस होते. प्रयोगातील आई निर्दय नसते. तिला तसे सांगितलेले असते आणि वेळ संपताच ती मुलाशी पुन्हा पूर्ववत बोलू लागते. परंतु दुःखाने, कर्जाच्या विवंचनेने किंवा निव्वळ थकव्याने ज्या बाईचा चेहरा महिनोन्‌महिने निर्विकार होऊन गेला आहे, तिच्या घरी ही वेळ संपतच नाही. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी मे २०१८ मध्ये बालसंगोपनाविषयी जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात पोषण, आरोग्य, सुरक्षितता व शिक्षण यांच्या बरोबरीने बालकाला प्रतिसाद देणाऱ्या संगोपनास स्थान देण्यात आले, ते याच कारणाने.

हा भार हलका करण्याचे जे मार्ग आहेत, त्यांपैकी एक म्हणजे कला. रंग, माती, सुई-दोरा आणि गाणे यांच्या आधाराने मनाला मोकळे होऊ देण्याच्या या पद्धतीस ‘कलोपचार’ असे म्हणतात. शब्द नवा वाटला, तरी वर्धा जिल्ह्याला त्यामागील विचार परका नाही.

मौनात राहणारी घरे

आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर आणि वर्धा या आठ तालुक्यांचा हा जिल्हा. कापूस, सोयाबीन व तूर ही येथील मुख्य पिके आणि पुष्कळशी शेती पावसाच्या भरवशावर. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर केंद्र शासनाने जुलै २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचा मदत कार्यक्रम जाहीर केला. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम यांच्यासमवेत वर्धा हा त्यातील सहावा जिल्हा होता. अशा कुटुंबांना राज्य शासनाकडून एक लाख रुपयांचे साहाय्य देण्याचा निर्णयही त्याच वर्षी अमलात आला. 

साहाय्यासाठी प्रकरणाची चौकशी होते. जमीन कोणाच्या नावावर होती, कर्ज कोणत्या संस्थेचे होते, वसुलीचा तगादा होता काय, असे प्रश्न विचारले जातात. सार्वजनिक निधीचा प्रश्न असल्याने प्रशासनाला ते विचारणे भागच असते. तथापि प्रकरण ‘पात्र’ ठरो वा ‘अपात्र’, मागे राहिलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवावी लागते, वावरात जावे लागते आणि ‘बाबा कधी येतील?’ या प्रश्नाला काही तरी उत्तर द्यावे लागते. ती मुलांदेखत रडत नाही, कारण मुले घाबरतील. मुले पुन्हा विचारीत नाहीत, कारण आई रडेल. दोन्ही बाजूंनी मायेपोटी पाळलेले हे मौन पुढे वर्षानुवर्षे टिकते. मूल शाळेत अकारण मारामारी करू लागते, अंथरूण ओले करू लागते किंवा एकदम शहाण्यासारखे वागू लागते. शिक्षकांना पहिल्या दोन गोष्टी दिसतात. तिसरी बहुधा कौतुकाचा विषय होते. वास्तविक सात वर्षांचे मूल कर्त्या माणसासारखे वागू लागले, तर तीही काळजीचीच बाब समजावयास हवी.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ‘प्रेरणा प्रकल्पा’तून शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचे काम २०१५ नंतर विदर्भ व मराठवाड्यात हाती घेण्यात आले आणि आशा स्वयंसेविकांच्या गृहभेटींचा त्यासाठी उपयोग करण्यात आला. मनाचे दुखणे हेही दुखणेच आहे, हे गावपातळीवर मान्य होण्यास अशा कामांची मदत होते. मात्र समुपदेशन हे मुख्यतः शब्दांचे काम आहे. ज्या घरात शब्दच आटले आहेत, तेथे प्रवेश कोठून करावयाचा, हा प्रश्न उरतो. दिव्यांग मुलांच्या पालकांच्या बाबतीतही हीच अडचण येते. ‘कसे आहात?’ या प्रश्नाला ‘बरे आहे’ हे त्यांचे उत्तर इतके पाठ झालेले असते की, त्यापुढे संभाषण सरकत नाही.

कलोपचार म्हणजे काय

एड्रियन हिल हे इंग्लंडमधील चित्रकार क्षयरोगाने आजारी होऊन आरोग्यधामात पडून होते. पडल्या पडल्या ते चित्रे काढू लागले आणि त्यामुळे आपल्या मनाला उभारी येते, असे त्यांच्या लक्षात आले. पुढे त्यांनी इतर रुग्णांनाही रंग व कागद दिले. १९४२ साली त्यांनी या पद्धतीस जे इंग्रजी नाव दिले, त्याचाच ‘कलोपचार’ हा मराठी पर्याय होय. १९४५ मध्ये त्यांनी या अनुभवावर पुस्तक लिहिले.

याच सुमारास युरोपात दुसऱ्या एका ठिकाणी हे काम अतिशय कठीण परिस्थितीत चालू होते. व्हिएन्नाच्या चित्रकर्त्री फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांना १९४२ च्या डिसेंबरात नाझींनी तेरेझिनच्या बंदिवासात पाठविले. तेथील मुलांना त्यांनी चित्रे काढावयास शिकविले. कागद मिळेल तो, रंग मिळतील ते. ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑशविट्झ येथे त्यांचा अंत झाला. जाण्यापूर्वी मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रे दोन पेट्यांत भरून त्यांनी मागे ठेवली होती. चित्रांवर मुलांची नावे होती. बंदिवासात मनुष्याचा क्रमांक होत असताना नाव लिहावयास लावणे हाच एक उपचार होता. त्यांच्या शिष्या एडिथ क्रेमर यांनी पुढे अमेरिकेत मनाने दुखावलेल्या मुलांसाठी हे काम चालविले आणि कलोपचाराच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

चित्रकलेच्या तासात आणि कलोपचारात एक मूलभूत भेद आहे. तासात चित्र चांगले यावे, हा हेतू असतो. उपचारात चित्र कसेही आले तरी चालते. काढणाऱ्याचे काय झाले, याला महत्त्व असते. ज्या गोष्टीला नाव देता येत नाही, तिला रंग देता येतो, आकार देता येतो, आणि मग ती मनात न राहता समोर येऊन बसते. समोर आली म्हणजे तिच्याकडे पाहता येते, तिच्यावर काही काढता येते, ती पुसताही येते. माती मळणे, टाका घालणे, एकाच वळणाच्या रेघा ओढणे या क्रियांना स्वतःचा एक ताल असतो आणि त्या तालात श्वास संथ होतो. शिवाय हात कामात असले म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही. ज्यांना बोलण्याचा संकोच आहे, त्यांना ही सोय मोठी असते. तूर निवडताना किंवा वाती वळताना बायका मनातले जितक्या सहज बोलून जातात, तितक्या समोरासमोर बसविल्यावर बोलत नाहीत, हे कोणत्याही घरात पाहावयास मिळते.

अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात डॉ. गिरिजा कैमल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ३९ प्रौढ व्यक्तींना ४५ मिनिटे माती, रंग व कागद यांच्याशी मनाप्रमाणे काम करू देण्यात आले. ताणाच्या वेळी शरीरात वाढणाऱ्या कॉर्टिसॉल या द्रव्याचे लाळेतील प्रमाण आधी व नंतर तपासले असता, सुमारे तीन-चतुर्थांश व्यक्तींमध्ये ते घटलेले आढळले. पूर्वी कला शिकलेले आणि कधीही न शिकलेले यांत फरक दिसला नाही. प्रयोग लहान होता. त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. तथापि ‘मला चित्र येत नाही’ असे म्हणून मागे सरणाऱ्यांना सांगण्याजोगे त्यात निश्चित काही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कला व आरोग्य यांच्या संबंधावरील तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यातही मनःस्वास्थ्य व बालसंगोपन या दोन्ही अंगांनी कलेचा उपयोग नोंदविण्यात आला आहे.

सांभाळणारा आणि मूल या दोघांनी मिळून करावयाच्या कृतींचे या पद्धतीत विशेष स्थान आहे. इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट हे आपल्याकडे आलेल्या मुलांशी रेघोट्यांचा एक खेळ खेळत. त्यांनी डोळे मिटून एक वेडीवाकडी रेघ ओढावयाची, मुलाने तिचे काही तरी करावयाचे. मग मुलाने ओढावयाची आणि डॉक्टरांनी पुरी करावयाची. रेघेतून कधी बैल निघे, कधी बोट, कधी काहीच नाही. खेळ चालू असताना मूल आपण होऊन बोलू लागे. आईने व मुलाने हा खेळ खेळला, तर ज्या दोघांत कित्येक महिने केवळ ‘जेवलास का’, ‘अभ्यास कर’ एवढेच बोलणे होते, त्या दोघांना एकाच कागदावर काही तरी एकत्र घडविता येते. आईच्या दृष्टीने त्या कागदावर सल्ला देण्याची, शिकविण्याची किंवा कणखर राहण्याची जबाबदारी नसते. हा विसावा लहान नव्हे.

सेवाग्रामचा वारसा

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि ‘नई तालीम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिक्षणपद्धतीचा पाया घातला गेला. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जो अभ्यासक्रम सुचविला, त्यात मूलोद्योग, मातृभाषा, गणित यांच्याबरोबर चित्रकला व संगीत यांचाही समावेश होता. आज नई तालीम म्हटले की टकळी आणि सूत एवढेच अनेकांना आठवते. पुढे ठिकठिकाणी झालेल्या यांत्रिक अनुकरणाने हे नुकसान केले आहे. मूळ योजनेत हाताचे काम हे मनाच्या घडणीसाठी होते, सुताच्या वजनासाठी नव्हे.

१९४५ मध्ये या विचाराची व्याप्ती वाढविण्यात आली. सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरते मर्यादित न राहता जन्मापूर्वीपासून अखेरपर्यंतचे सारे जीवन हे शिक्षणाचे क्षेत्र, असे मानण्यात आले. त्यामुळे पूर्व-बुनियादी शिक्षण आणि प्रौढ शिक्षण हे एकमेकांना जोडले गेले. लहान मुलाला शिकवावयाचे, तर त्याच्या आईपासून सुरुवात करावयास हवी, हे त्यात गृहीत होते. शांताबाई नारूलकर यांनी सेवाग्रामात पूर्व-बुनियादी शाळेचे जे काम उभे केले, त्यामागे हीच भूमिका होती. त्याच वर्षी ठाणे जिल्ह्यातील, आता पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले. महागड्या साधनांऐवजी गावात मिळणाऱ्या वस्तू मुलांच्या हाती देण्याचा त्यांचा आग्रह होता. अंगणात भरणारी बालवाडी ही कल्पना महाराष्ट्राला तेथून मिळाली.

सेवाग्रामच्या कलाशिक्षणाची जबाबदारी १९४४ पासून देवी प्रसाद यांच्याकडे होती. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले हे तरुण चित्रकार पुढे १९६२ पर्यंत येथे राहिले. त्यानंतर ते युद्धविरोधी चळवळीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे सचिव म्हणून लंडनला गेले आणि २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. कुंभारकामातील त्यांचा अधिकार मोठा होता. कला हा शिक्षणाच्या वेळापत्रकातील एक अलंकार नसून साऱ्या शिक्षणाचा पाया आहे, हे त्यांच्या ग्रंथाचे प्रतिपादन सेवाग्रामातील मुलांसमवेत घालविलेल्या वर्षांवर आधारलेले आहे. मुलाच्या चित्रात प्रौढाने हात घालू नये. त्याला निकोप मनाने व्यक्त होऊ दिले, तर द्वेष व हिंसा यांना मनात घर करावयास जागा उरत नाही, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. कलोपचार हा शब्द त्या काळी सेवाग्रामच्या शाळेत कोणी वापरीत नसेल. पण त्यातील तत्त्व तेथे रोज आचरणात येत होते.

त्यांचे गुरू नंदलाल बोस यांचा महाराष्ट्राशी आलेला संबंधही येथे आठवावा. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. गांधीजींच्या इच्छेनुसार तेथील सजावट नंदलालांनी बांबू, चटया अशा गावातील साहित्यातून केली. पैसा नाही म्हणून कला नाही, असे म्हणण्याची सोय त्यानंतर कोणाला राहिलेली नाही.

जाते, भुलाबाई आणि तान्हा पोळा

महाराष्ट्रातील बायकांनी आपला भार हलका करण्याची एक व्यवस्था शतकानुशतके चालविली होती. पहाटेच्या अंधारात दळताना म्हटलेल्या ओवीत माहेर येई, सासर येई, लेकरू येई, न बोलता येणारे सारे येई. हेमा राईरकर व गी पॉइत्व्हाँ यांच्या प्रयत्नांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या खेड्यापाड्यांतून गोळा झाल्या. एवढ्या बायकांना एवढे सांगावयाचे होते, आणि ते ऐकावयास बहुधा जाते, शेजारीण व मांडीवरचे मूल एवढेच होते. पिठाची गिरणी आली आणि हाडे झिजविणारे कष्ट वाचले. ते चांगलेच झाले. जात्याचे गुणगान करणाऱ्यांनी कधी चार पायली दळून पाहावे. मात्र कष्टांबरोबर बोलण्याची ती जागाही गेली आणि तिच्या बदल्यात दुसरी उभी राहिली नाही.

गाण्याचा हा उपयोग केवळ भावनेचा विषय नाही. लंडन येथे झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाळंतपणानंतर खिन्नतेची लक्षणे असलेल्या १३४ मातांची पाहणी करण्यात आली. काहींनी दहा आठवडे आपल्या बाळांसमवेत एकत्र गाण्याच्या वर्गात भाग घेतला, काहींनी खेळांच्या वर्गात, तर काहींना नेहमीचीच सेवा मिळाली. मध्यम ते तीव्र लक्षणे असलेल्या मातांपैकी गाणाऱ्या मातांची स्थिती नेहमीची सेवा मिळणाऱ्यांपेक्षा लवकर सुधारली. अंगाई म्हणताना बाळच तेवढे निजते असे नाही, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. आता त्याला मोजमापाचा आधार मिळाला आहे.

विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई बसते. मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात, झाकलेला खाऊ ओळखतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लहान मुले लाकडी नंदी सजवून आणतात. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा तर पंचक्रोशीबाहेरही प्रसिद्ध आहे. या दोन्ही प्रसंगी मोठी माणसे व मुले मिळून काही रंगवितात, घडवितात, गातात. ज्या घरी त्या वर्षी दुःख झाले आहे, ते घर मात्र सण करीत नाही. रीत म्हणून हे समजण्यासारखे आहे. परंतु त्या घरातील मुलाच्या हाती नेमक्या त्याच वर्षी काही नसते. शेजाऱ्यांनी त्याला आपल्या अंगणात बोलावून नंदी रंगवावयास दिला, तर रीतही मोडत नाही.

गावात काय करता येईल

प्रशिक्षित कलोपचार-तज्ज्ञाचे काम वेगळे आणि गावातील कलेची बैठक वेगळी, हे प्रथम स्पष्ट असावे. उपचार हे तज्ज्ञाचे क्षेत्र आहे. बैठक मात्र शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा बचत गटातील एखादी समजूतदार बाई चालवू शकते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफ व एकात्मिक बालविकास सेवा योजना यांच्या सहकार्याने ‘आरंभ’ या नावाने लहान बालकांच्या पालकांसाठी जो कार्यक्रम विकसित केला, त्यातील पालक मेळाव्यांमुळे अनेक सेविकांना पालक व मुले यांना एकत्र खेळविण्याचा सराव झालेला आहे. त्याच सरावाचा येथे उपयोग होतो. फरक इतकाच की, येथे पालकाला काही शिकवावयाचे नसते.

साहित्याची अडचण पडू नये. पंचायत व शाळेच्या कपाटांत पाठकोरे कागद भरपूर निघतात. गेरू, हळद, कोळसा आणि उकळलेली पळसाची फुले यांचे रंग होतात. पांढऱ्यासाठी तांदळाची पिठी वापरावी; चुना मुलांच्या हाताला व डोळ्यांना इजा करतो. तळ्याकाठची माती, तुराट्या, पऱ्हाट्या, सरकी, चिंध्या हे तर दाराशीच आहे. याउपर सुई-दोरा, डिंक व थोडे रंग विकत घ्यावयाचे झाल्यास ग्रामपंचायतीने महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावयाच्या दहा टक्के निधीतून हा खर्च सहज भागू शकेल.

बैठक आठवड्यातून एकदा, तासभर, आणि सलग आठ-दहा आठवडे व्हावी. एका दिवसाचा मोठा मेळावा घेऊन विषय संपविण्याचा मोह आवरावा. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारची वेळ ठेवली, तर ज्या बाईसाठी हा खटाटोप आहे तीच येणार नाही. बैठकीस केवळ ‘दुःखी’ बायकांना बोलावू नये. तसे केल्यास गावात त्यांच्या कपाळी आणखी एक शिक्का बसतो. वाडीतील सर्वांनाच बोलवावे; ज्यांना गरज आहे त्या त्यांत आपोआप येतात.

प्रारंभी कृती सोप्या असाव्यात. आईने मुलाच्या पंजाभोवती रेघ ओढावी, मुलाने आईच्या; मग एकमेकांचा पंजा हवा तसा भरावा. रेघोट्यांचा खेळ आहेच. पुढे मातीची भांडी-बैल, आठवणीतील घर, आवडती जागा. ज्यांना कागदाचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी गोधडी हे उत्तम साधन आहे. घरातील जुनी लुगडी-धोतरे गोधडीत जातात, ही आपली जुनीच चाल. गेलेल्या माणसाचा सदरा पेटीत कोंडून ठेवलेला असतो. तो बाहेर काढून त्याचा एक तुकडा लेकराच्या पांघरुणात घालावा, असे एखादीला वाटले, तर त्या टाक्या-टाक्यांबरोबर त्या माणसाविषयी बोलणेही सुरू होते. हे तिला वाटले पाहिजे. कोणी सुचवून, आग्रह करून ते करावयाचे नाही.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्या लागतील. विषय देऊ नये, विशेषतः घोषवाक्ये देऊ नयेत. चढाओढ व बक्षिसे नकोत. पहिला क्रमांक आला म्हणजे बाकीच्यांचे दुःख नापास होते. उद्‌घाटन, हारतुरे आणि छायाचित्रे यांनाही येथे स्थान नाही. चित्र ज्याचे त्याचे आहे. विचारल्यावाचून ते भिंतीवर लावू नये वा कोणास पाठवू नये. आणि चित्र ही कुंडली नव्हे. मुलाने सर्व कागद काळा केला म्हणून तो खिन्नच आहे असे होत नाही. पुष्कळदा त्याच्या वाट्याला कोळसाच आलेला असतो. ‘हे काय आहे, मला सांगशील?’ एवढेच विचारावे, आणि सांगितले नाही तर पुढे जावे. बैठकीत कोणी रडले, तर घाईने गप्प करू नये. पाणी द्यावे, जवळ बसावे. ऐकलेले त्या खोलीबाहेर जाता कामा नये. या एका नियमाचा भंग झाला, तर पुढच्या आठवड्यात कोणी येणार नाही आणि ते योग्यच ठरेल.

कोठे थांबावे

गेरूने रंगविलेल्या कागदाने पीककर्ज फिटत नाही, हे सांगावयास हवे. साहाय्य, निवृत्तिवेतन, बालसंगोपन योजनेचा लाभ, जमिनीच्या नोंदी ही कामे रेंगाळत असतील, तर ती प्रथम मार्गी लावावीत. फेरफाराची नोंद वेळेवर झाल्याने बाईला जी झोप लागते, ती कोणत्याही कलेने लागणार नाही.

तसेच काही लक्षणे दिसताच बैठकीवर विसंबून राहू नये. आठवडेच्या आठवडे झोप वा अन्न न जाणे, मुलाकडे मुळीच लक्ष नसणे, कानी आवाज ऐकू येणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, ही वैद्यकीय मदतीची गरज दाखविणारी लक्षणे आहेत. जीव देण्याची भाषा कोणी केली, तर ती कधीही पोकळ समजू नये व त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा २०१७ च्या कायद्याने प्रत्येकाचा हक्क ठरला आहे. सेविकेने वा सरपंचाने सोबत जाणे ही त्यासाठी अनेकदा सर्वांत मोठी मदत ठरते.

सोबत जाणाऱ्या या सेविकेचाही विचार व्हावयास हवा. तिच्या स्वतःच्या घरी लेकरे आहेत, म्हातारी माणसे आहेत, आणि दिवसभर गावाची लेकरे व गावाची दुःखे तिच्या अंगावर असतात. प्रकल्पाच्या मासिक सभेत अहवाल, नोंदवह्या व सूचना यांतच वेळ संपतो. त्या सभेतील एक तास सेविका व मदतनीस यांच्यासाठी राखून ठेवता येईल, ज्यात त्यांना कोणी काही विचारणार नाही आणि ज्याचा अहवाल द्यावा लागणार नाही. गावातील बैठकीतही कागद वाटून झाल्यावर सेविकेने कडेला उभे राहू नये. एक कागद आपल्यासाठी घ्यावा आणि इतरांच्या ओळीत बसावे.